इव्हॅल्युएशन प्लॉट लॉग कसे करावेत? द्राक्षपानांच्या मॉडेलवरून एक सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीतल्या एका छोट्या गटाने तासगाव, पलूस, मिरज भागातल्या द्राक्षबागांमधल्या पानांचे फोटो जमवून चार वर्गांचं मॉडेल बनवलं आहे : निरोगी, डाऊनी, भुरी आणि करपा. ट्रेनिंगच्या नोंदी एमएलफ्लो या साधनात होतात. लॉस आणि अ‍ॅक्युरसीचे आलेख व्यवस्थित दिसतात, पण कन्फ्युजन मॅट्रिक्स (खरा वर्ग कोणता आणि मॉडेलने सांगितला कोणता याचा तक्ता) आणि पीआर कर्व्ह (प्रिसिजन म्हणजे दिलेल्या इशाऱ्यांपैकी किती बरोबर, रिकॉल म्हणजे खऱ्यांपैकी किती सापडले, यांचा वक्र) यांचा घोळ आहे. काही पीएनजी कोऱ्या निघतात, काही आधीच्या फाईलवरच लिहिल्या जातात, आणि दोन रन (एकेका ट्रेनिंगच्या नोंदी) शेजारी उघडले तरी कुठलं मॉडेल बरं ते कळत नाही. मग दर इपॉकला (ट्रेनिंग डेटावरच्या एका पूर्ण फेरीला) प्लॉट टाकायचा कसा, आणि एमएलफ्लो सोडून दुसरं काही घ्यावं का?

साधन बदलून हा घोळ सुटणार नाही, कारण तो साधनाचा नाहीच. तुम्ही चित्र जपून ठेवताय आणि ज्या आकड्यांवरून ते निघालं ते फेकून देताय. पीएनजी एकदा बनली की तिच्यातून थ्रेशोल्ड (किती संभाव्यतेपासून 'हो' म्हणायचं ती सीमा) बदलून बघता येत नाही, फक्त पलूस तालुक्याचं काय झालं ते विचारता येत नाही, दोन रनचे वक्र एकाच अक्षांवर आणता येत नाहीत. म्हणून आधी व्हॅलिडेशनचं (शिकवताना न वापरलेल्या, तपासणीच्या फोटोंचं) प्रेडिक्शन टेबल लॉग करा. एका फोटोला एक ओळ. स्तंभ असे : फोटोचा आयडी, बागेचा आयडी, तालुका, फोटोची तारीख, खरा वर्ग, चारही वर्गांच्या संभाव्यता आणि इपॉक. नुसता 'अंदाजित वर्ग' ठेवू नका. तो संभाव्यतांवरून कधीही काढता येतो, उलटा प्रवास होत नाही.

जागेची काळजी नको. हिशेबासाठी व्हॅलिडेशनमध्ये १,२०० फोटो धरू. चार संभाव्यता, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे १९,२०० बाइट. बाकीचे स्तंभ धरले तरी पार्के या टेबल साठवण्याच्या प्रकारात ही फाईल एखाद्या साध्या पीएनजीच्या आसपासच भरते.

एमएलफ्लोमध्ये 'लॉग_टेबल' नावाची सोय आहे, पण तिची एक खोड माहीत हवी. त्याच नावाची फाईल रनमध्ये आधीपासून असेल तर ती नव्या ओळी तिच्याच शेवटी जोडते. म्हणजे दर इपॉकला एकाच नावाने टेबल टाकलं की दहाव्या इपॉकनंतर त्यात १२,००० ओळी असतात. इपॉकचा स्तंभ नसेल तर कुठली ओळ कुठल्या इपॉकची हे सांगता येत नाही, आणि त्यावरून काढलेला कन्फ्युजन मॅट्रिक्स दहा वेगवेगळ्या मॉडेलांची भेसळ असतो. तो दिसायला मात्र अगदी गुळगुळीत आणि विश्वासार्ह असतो, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. त्यापेक्षा पार्के फाईल स्वतः लिहून 'लॉग_आर्टिफॅक्ट'ने चढवणं सरळ पडतं.

फाईलच्या नावात इपॉक शून्यं लावून लिहा : ००५, ०१०, ०१५. शून्यं नसली तर अक्षरक्रमाने लावताना १० हा २ च्या आधी येतो आणि यादी वाचताना डोकं फिरतं. आर्टिफॅक्टमध्ये (रनसोबत साठवलेल्या फाईलींमध्ये) 'इव्हॅल' नावाचं एक फोल्डर आणि त्यात 'प्रेडिक्शन', 'कन्फ्युजन', 'पीआर', 'चुका' असे चार कप्पे पुरतात. प्रत्यक्षात ही नावं आणि मेट्रिकची नावं रोमन लिपीतच ठेवा. मेट्रिकच्या नावात कुठली अक्षरं चालतात यावर एमएलफ्लोची मर्यादा आहे, आणि मात्रा-वेलांट्यांच्या भानगडीत पडून काही मिळत नाही.

आता कोऱ्या पीएनजी. याची कारणं ठरलेली आहेत आणि त्यातलं पहिलं तुमच्याकडे असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. साइकिट-लर्न या पायथन लायब्ररीचा 'कन्फ्युजनमॅट्रिक्सडिस्प्ले' हाताने बनवून त्याचं 'प्लॉट' बोलावलं आणि त्याला 'एएक्स' (ज्या अक्षांवर काढायचं ते) दिला नाही, तर तो स्वतःची नवी फिगर उघडून तिच्यावर काढतो. तुम्ही वरच्या ओळीत बनवलेली फिगर तशीच रिकामी राहते आणि लॉग होते तीच. सीबॉर्न या आलेखांच्या लायब्ररीतल्या हीटमॅपचं वागणं उलट आहे, तो चालू अक्षांवरच काढतो. म्हणून सीबॉर्नचा कोड बदलून साइकिट-लर्नचा केला की हा दोष अचानक उगवतो. उपाय एकच : 'एएक्स' नेहमी स्पष्ट द्यायचा. दुसरं कारण नोटबुकमधलं. 'शो' आधी आणि 'सेव्हफिग' नंतर असा क्रम असेल तर 'शो' होताच फिगर बंद होते आणि 'सेव्हफिग' नव्या रिकाम्या फिगरला वाचवतं. तिसरं म्हणजे फिगर बंद करून मग 'चालू फिगर' लॉग करणं. हे डोळ्यांनी कोड वाचला की सापडतं.

याच्याच उलट चूक म्हणजे फिगर कधीच बंद न करणं. मॅटप्लॉटलिब या आलेखांच्या लायब्ररीतल्या पायप्लॉटने उघडलेली प्रत्येक फिगर तो स्वतःच्या यादीत धरून ठेवतो. २० च्या वर गेल्या की मॅटप्लॉटलिब इशारा देतं. लोक तो इशारा दाबून टाकतात आणि मग रात्री कधीतरी मेमरी संपून ट्रेनिंग मरतं. 'क्लोज' लिहायचं लक्षात ठेवण्यापेक्षा ट्रेनिंगच्या कोडमध्ये पायप्लॉट वापरूच नका. मॅटप्लॉटलिबच्या 'फिगर' मॉड्यूलमधून थेट 'फिगर' क्लास घ्या, त्यावर 'सबप्लॉट्स' बोलवा, मिळालेल्या 'एएक्स'वर काढा आणि फिगर 'लॉग_फिगर'ला द्या. ही फिगर पायप्लॉटच्या यादीत जातच नाही, वापर संपला की पायथन तिला आपोआप मोकळं करतं. बॅकएंडची (चित्र प्रत्यक्ष रेखाटणाऱ्या भागाची) कटकटही यात टळते. कॉलेजच्या लॅबमधल्या डेस्कटॉपवर टीके बॅकएंड असतो, आणि दुसऱ्या थ्रेडमधून प्लॉट काढला की 'मेन थ्रेड मेन लूपमध्ये नाही' अशा अर्थाची त्रुटी येते. पायप्लॉट ठेवायचाच असेल तर सुरुवातीला बॅकएंड खिडकी न उघडणारा 'अ‍ॅग' करून ठेवा.

मराठी लेबलं हा आपल्याकडचा खास प्रश्न. मॅटप्लॉटलिबचा मूळ फॉन्ट डेजाव्यू सॅन्स आहे आणि त्यात देवनागरी नाही, म्हणून 'भुरी'च्या जागी चौकोन येतात. नोटो सॅन्स देवनागरी लावला की चौकोन जातात, पण प्रचलित आवृत्त्यांमध्ये अक्षरांची जुळणी होत नाही : 'निरोगी'मधली ऱ्हस्व वेलांटी 'न'च्या नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं हलन्त लावून सुटी पडतात. यावर डोकं घालवू नका. मॅटप्लॉटलिबच्या चित्रात रोमन संक्षेप ठेवा. शेतकऱ्यांना किंवा कृषी अधिकाऱ्यांना दाखवायचे आलेख प्लॉटली या ब्राउझरमधल्या आलेखांच्या लायब्ररीने काढा, कारण तिथे अक्षरं ब्राउझर जुळवतो आणि तो मराठी बरोबर दाखवतो. 'लॉग_फिगर'ला प्लॉटलीची फिगर चालते. फाईलच्या नावाचा शेवट एचटीएमएल ठेवा, म्हणजे आलेखावर बोट नेऊन आकडे वाचता येतील असा तो साठवला जातो.

आता तुलना का होत नाही ते बघू. यातच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो.

कन्फ्युजन मॅट्रिक्स काढताना वर्गांची यादी दिली नाही, तर साइकिट-लर्न डेटात जे वर्ग दिसतील तेवढेच घेतं आणि त्यांचा क्रम स्वतः लावतं. एखाद्या फोल्डमध्ये (विभागणीतल्या एका भागात) करप्याचा फोटोच नसेल आणि मॉडेलनेही तो कुठे सांगितला नसेल, तर मॅट्रिक्स चार गुणिले चारच्या ऐवजी तीन गुणिले तीनचा येतो. लेबलं वेगळ्या ओळीत हाताने चिकटवली असतील तर ती सरकतात आणि भुरीचे आकडे करप्याच्या नावावर जातात. म्हणून 'लेबल्स'ची यादी एकदाच कॉन्फिगमध्ये लिहा आणि सगळीकडे तीच द्या. साइकिट-लर्नमध्ये आडव्या ओळी म्हणजे खरा वर्ग आणि उभे स्तंभ म्हणजे अंदाज. सगळीकडे असंच असतं असं नाही, तेव्हा अक्षांवर नावं लिहिल्याशिवाय मॅट्रिक्स लॉग करू नका.

रंगाचंही तसंच. रंगपट्टीची हद्द दिली नाही तर प्रत्येक मॅट्रिक्स आपल्याच मोठ्यात मोठ्या आकड्याला गडद करतो. मग ७०% वाला आणि ९५% वाला मॅट्रिक्स डोळ्यांना सारखेच दिसतात. ओळीने नॉर्मलाइझ केलेला मॅट्रिक्स घ्या, रंगाची हद्द ० ते १ अशी पक्की करा, आणि चौकटीत टक्केवारीच्या खाली मूळ संख्याही छापा. टक्केवारी एकटी फसवते : १२ पैकी ६ आणि ४०० पैकी २०० दोन्ही ५०% च. फिगरचा आकारही सारखाच ठेवा. मूळ मांडणी ६.४ गुणिले ४.८ इंच, १०० डीपीआय, म्हणजे ६४० गुणिले ४८० पिक्सेल. 'सेव्हफिग'ला कडा घट्ट कापायला सांगितलं की लेबलाच्या लांबीनुसार प्रत्येक चित्राचा आकार थोडा बदलतो, आणि स्लायडरवर चित्रं उड्या मारत पुढे जातात.

इपॉकमागे इपॉक असं चित्र सरकवून बघायचं असेल तर एमएलफ्लोच्या नव्या आवृत्त्यांत 'लॉग_इमेज'ला 'की' आणि 'स्टेप' देता येतात. ही चित्रं रनच्या पानावर स्लायडरने बघता येतात आणि अनेक रनची चित्रं शेजारी लावता येतात. ते फिगर घेत नाही, चित्राचा अ‍ॅरे किंवा पिलो इमेज घेतं. त्यामुळे आधी फिगरच्या कॅनव्हासवर 'ड्रॉ' करून त्यातून आरजीबीए बफर नमपाय अ‍ॅरेमध्ये काढून घ्या. फिगर थेट 'क्लास'ने बनवली असेल तर तिला अ‍ॅगचा कॅनव्हास जोडून मग हे करायचं. 'लॉग_फिगर'ला मात्र तेच नाव पुन्हा दिलं की जुनी फाईल जाते. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय.

पण दर इपॉकला प्लॉट हवाच कशाला? स्केलर मेट्रिक (एका आकड्यातली मोजमापं) दर इपॉकला ठेवा, त्यात वर्गवार रिकॉल आणि वर्गवार अ‍ॅव्हरेज प्रिसिजनही घ्या. चित्र दर पाच इपॉकला, शिवाय 'सर्वोत्तम' आणि 'शेवटचं' अशी दोन. यातही एक सापळा आहे. बहुतेक कोडमध्ये साठवलेलं मॉडेल सर्वोत्तम चेकपॉइंटचं (ट्रेनिंगदरम्यान साठवलेल्या वजनांचं) असतं, पण शेवटचा प्लॉट त्या क्षणी मेमरीत असलेल्या, म्हणजे शेवटच्या इपॉकच्या वजनांवरून काढलेला असतो. रिपोर्टमध्ये मॉडेल एकाचं आणि मॅट्रिक्स दुसऱ्याचा. म्हणून ट्रेनिंग संपल्यावर चेकपॉइंट डिस्कवरून पुन्हा वाचा, व्हॅलिडेशन नव्याने चालवा, आणि त्यातून निघालेला स्कोअर आधी नोंदलेल्या सर्वोत्तम स्कोअरशी जुळतो का ते तपासा. चौथ्या दशांशापर्यंत जुळला नाही तर काहीतरी बिघडलंय. बऱ्याचदा मॉडेल 'इव्हॅल' (तपासणीच्या) मोडमध्ये टाकायचं राहिलेलं असतं. जुळला तरच 'सर्वोत्तम' नावाचे प्लॉट चढवा.

पायटॉर्चवरची लायटनिंग लायब्ररी वापरत असाल तर ट्रेनिंग सुरू व्हायच्या आधी व्हॅलिडेशनचे दोन बॅच चाचणी म्हणून चालतात. त्या वेळचा प्लॉटही लॉग होतो आणि शून्याव्या पायरीवर एक विचित्र मॅट्रिक्स कायमचा बसतो. ट्रेनरचा 'सॅनिटी_चेकिंग' हा झेंडा बघून त्या वेळी लॉगिंग टाळा. तसंच, बॅचवार काढलेला एफ-१ (प्रिसिजन आणि रिकॉलची एकत्रित सरासरी) किंवा एयूसी (वक्राखालचं क्षेत्रफळ) यांची सरासरी म्हणजे पूर्ण व्हॅलिडेशनचा एफ-१ किंवा एयूसी नव्हे. संभाव्यता गोळा करत जा आणि इपॉकच्या शेवटी एकदाच गणित करा. एकापेक्षा जास्त जीपीयू असतील तर आधी सगळ्या प्रोसेसचे अंदाज एकत्र आणा, मग फक्त शून्य क्रमांकाच्या प्रोसेसमधून लॉग करा. डिस्ट्रिब्युटेड सॅम्पलर भाग समान करण्यासाठी काही नमुने दोनदा देतो. फोटो आयडीचा स्तंभ असला की ते एका ओळीत गाळता येतात.

पीआर कर्व्ह की आरओसी (रिकॉल विरुद्ध फॉल्स पॉझिटिव्ह रेट, म्हणजे तो रोग नसलेल्यांपैकी किती पानांवर चुकीचा शिक्का बसला, यांचा वक्र)? तुमच्या कामाला पीआर. पुन्हा तेच १,२०० फोटो धरू आणि त्यात करप्याचे ६०. रिकॉल ९०% आणि फॉल्स पॉझिटिव्ह रेट ५% असा बिंदू आरओसीवर अगदी देखणा दिसतो. पण ६० चे ९०% म्हणजे ५४ खरे करपे सापडले, आणि उरलेल्या १,१४० चे ५% म्हणजे ५७ चांगल्या किंवा दुसऱ्याच रोगाच्या पानांवर करप्याचा शिक्का बसला. १११ इशाऱ्यांपैकी ५४ बरोबर, प्रिसिजन ४९% च्या आत. तेवढ्यावर बागायतदाराने फवारणी करायची, तर निम्म्याहून जास्त वेळा औषधाचा खर्च फुकट. आरओसीत हे झाकलं जातं, पीआरवर लगेच दिसतं. पीआर कर्व्हवर त्या वर्गाच्या प्रमाणाची आडवी रेषा नक्की काढा. करप्यासाठी ती ०.०५ वर येईल, भुरीसाठी बरीच वर असेल. ती नसेल तर ०.४० अ‍ॅव्हरेज प्रिसिजन चांगलं की वाईट हे कुणालाच सांगता येत नाही.

वक्राचं एका आकड्यात सार ठेवताना साइकिट-लर्नचं 'अ‍ॅव्हरेज_प्रिसिजन_स्कोअर' वापरा. पीआरच्या बिंदूंखालचं क्षेत्रफळ समलंब पद्धतीने काढू नका. दोन बिंदूंमध्ये सरळ रेषा धरल्याने ते उगाच जास्त येऊ शकतं. आणि एका रनमध्ये एक पद्धत, दुसऱ्यात दुसरी असं झालं तर मेट्रिकचं नाव सारखं असूनही तुलना खोटी ठरते.

वक्राचे बिंदू जेसन या मजकूर-फाईलीत ठेवणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. साइकिट-लर्नच्या १.३ आवृत्तीपासून 'आरओसी_कर्व्ह' जे थ्रेशोल्ड देतं त्यातला पहिला अनंत असतो. पायथन तो निमूट 'इन्फिनिटी' असा लिहून टाकतं, पण जेसनच्या नियमांत तो बसत नाही, आणि ब्राउझरमधला आलेख काही न सांगता कोरा राहतो. लिहिण्याआधी त्याजागी रिकामं मूल्य ठेवा. 'प्रिसिजन_रिकॉल_कर्व्ह'मध्ये प्रिसिजन आणि रिकॉलच्या यादीत थ्रेशोल्डपेक्षा एक बिंदू जास्त असतो. तिन्ही एका टेबलात कोंबायला गेलं की लांबी जुळत नाही अशी त्रुटी येते. शेवटचा बिंदू, म्हणजे प्रिसिजन १ आणि रिकॉल ०, त्याला थ्रेशोल्ड नसतो. तो सोडून द्या.

थ्रेशोल्ड व्हॅलिडेशनवर ठरवायचा, रनचा पॅरामीटर म्हणून नोंदवायचा आणि टेस्टवर (शेवटच्या तपासणीसाठी राखलेल्या फोटोंवर) तसाच लावायचा. टेस्टचा पीआर कर्व्ह बघून थ्रेशोल्ड हलवला की तो टेस्ट राहत नाही. टेस्टचे प्लॉट वेगळ्या फोल्डरमध्ये आणि प्रत्येक रनला नव्हे, निवडलेल्या एका-दोन रनलाच काढा.

सुंदर प्लॉट दिसला की आधी विभागणीवर संशय घ्या. एका वेलीचे पाच-सहा फोटो लागोपाठ काढलेले असतात. फोटोवार विभागणी केली की त्यातले चार ट्रेनिंगमध्ये आणि एक व्हॅलिडेशनमध्ये जातो, मग मॅट्रिक्सचा कर्ण गडद होणारच. विभागणी बागवार करा, 'स्ट्रॅटिफाइडग्रुपकेफोल्ड' त्यासाठीच आहे. हंगामही बघा : एप्रिलच्या खरड छाटणीनंतरची पानं आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतरची पानं यांचा प्रकाश, वय, रोगाचा जोर सगळंच वेगळं. एका हंगामावर शिकवून दुसऱ्यावर तपासल्याचा मॅट्रिक्स नेहमीच्या मॅट्रिक्सच्या शेजारी लॉग करा. टेबलात तारीख आणि तालुका असेल तर हे काम दोन ओळींचं आहे.

त्याच टेबलावरून अनिश्चितताही निघते. ६० पैकी ५४ म्हणजे ९०% रिकॉल, पण त्याची ९५% विल्सन कक्षा (खरं प्रमाण बहुधा जिच्यात असेल ती) साधारण ८०% ते ९५% येते. दुसऱ्या रनने ५६ पकडले म्हणून तो सरस, असं या आकड्यांवर म्हणता येत नाही. आणि एका बागेचे फोटो एकमेकांसारखे असल्याने खरी कक्षा याहूनही रुंद असते. बूटस्ट्रॅप (नमुने पुन्हा पुन्हा यादृच्छिक उचलून कक्षा काढणं) करणार असाल तर फोटो उचलू नका, अख्खी बाग उचला. ही कक्षा पीआर कर्व्हभोवती फिकट पट्टा म्हणून काढली की बैठकीतले निम्मे वाद संपतात.

कॅलिब्रेशनचा (सांगितलेली संभाव्यता आणि प्रत्यक्ष प्रमाण जुळतं का याचा) प्लॉट फारसं कुणी ठेवत नाही, पण मॉडेल 'करप्याची शक्यता ७०%' असं मोबाइलवर दाखवणार असेल तर तो हवाच. दहा समान रुंदीचे कप्पे केले तर मधल्या कप्प्यांत तीन-चारच फोटो पडतात आणि रेषा वेडीवाकडी होते. क्वांटाइल (प्रत्येक कप्प्यात सारखेच फोटो) पद्धत घ्या, १,२०० फोटोंना दहा कप्प्यांत प्रत्येकी साधारण १२० येतात.

चुकलेल्या फोटोंची जाळी हा माझ्या मते सगळ्यात कामाचा प्लॉट, कारण त्यातून मॉडेलपेक्षा डेटाच्या चुका जास्त सापडतात : पानावर उरलेला बोर्डो मिश्रणाचा निळसर थर भुरी म्हणून नोंदलेला, किंवा लेबल लावणाऱ्याने पानाची खालची बाजू पाहिलीच नाही. सर्वांत जास्त आत्मविश्वासाने चुकलेले १६ फोटो घ्या, २२४ पिक्सेलपर्यंत लहान करा आणि जेपेगमध्ये एकत्र चढवा. फोनचे मूळ फोटो चढवू नका. प्रत्येकी ३ एमबी धरले तरी १६ फोटो म्हणजे ४८ एमबी, आणि ५० इपॉकचे २.४ जीबी, तेही एका रनचे. फोटोच्या ईएक्सआयएफमध्ये (फाईलीत दडलेल्या माहितीत) बागेचं ठिकाण असू शकतं. सर्व्हर कॉलेजबाहेर असेल तर ते काढून टाकल्याशिवाय काही चढवू नये.

वर्गीकरण सोडून आकड्याचा अंदाज असेल तर प्लॉट बदलतात, नियम तेच. सांगलीत आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीचा अंदाज करणारे प्रकल्प विद्यार्थी हौसेने घेतात. तिथे आरएमएसई (चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) हा एकच आकडा निरुपयोगी आहे, कारण वर्षातले बहुतेक दिवस नदी खालीच असते आणि त्या दिवसांवर कुठलंही मॉडेल बरोबर येतं. प्रत्यक्ष आणि अंदाजित पातळी एकाच आलेखावर काढा, ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी या दोन आडव्या रेषा त्यावर ठेवा, आणि सोबत 'आत्ता जी पातळी आहे तीच १२ तासांनीही राहील' असा भाबडा अंदाजही काढा. वर्षभराचा आलेख लहान करून पाहिला की उशिरा धावणारा अंदाजही प्रत्यक्षावर बसल्यासारखा दिसतो. म्हणून २०१९ आणि २०२१ च्या पुराचे आठवडे वेगळे, मोठे करून लॉग करा. कमाल पातळीची चूक फुटांत आणि ती गाठण्याच्या वेळेची चूक तासांत, असे दोन मेट्रिक ठेवा. अक्षांवर एकक लिहिणं इथे जास्तच गरजेचं आहे : पातळी फुटांत, कोयनेचा विसर्ग क्युसेकमध्ये, पाऊस मिलिमीटरमध्ये. आणि तासवार नोंदींची विभागणी चुकूनही यादृच्छिक करू नका. अख्खी पावसाळी वर्षं बाजूला काढा.

आता साधनांचं, थोडक्यात. एमएलफ्लोचं साइकिट-लर्नसाठीचं ऑटोलॉग (आपोआप नोंदी करणारी सोय) कन्फ्युजन मॅट्रिक्स, आणि मॉडेल द्विवर्गी असेल तर आरओसी आणि पीआरही, स्वतःहून टाकतं, पण ते ट्रेनिंग डेटावरचे असतात आणि फाईलच्या नावाच्या सुरुवातीला 'ट्रेनिंग' असतं. ते पाहून खूश होणारे पुष्कळ. टेन्सरबोर्ड हे दुसरं साधन एका टॅगची (नावाची) मुळात दहाच चित्रं दाखवतं, बाकीची मधूनमधून गाळतं. सगळी हवी असतील तर सुरू करताना 'सॅम्पल्स_पर_प्लगइन'मध्ये चित्रांची मर्यादा वाढवा. त्याचा पीआर कर्व्ह द्विवर्गी असतो, म्हणजे चार वर्गांना चार टॅग. पायटॉर्चमधून लॉग केला तर तो मुळात ० ते १ मध्ये समान अंतरावरचे १२७ थ्रेशोल्ड घेतो. तुमच्या संभाव्यता दोन्ही टोकांना दाटल्या असतील तर वक्र ओबडधोबड येतो. त्याला सॉफ्टमॅक्सनंतरच्या संभाव्यता द्या. लॉजिट (सॉफ्टमॅक्सआधीचे कच्चे आकडे) दिले तर त्रुटी येत नाही, वक्रच चुकीचा येतो.

वेट्स अँड बायसेस या तिसऱ्या साधनात पायरी मागे जाऊ शकत नाही. ट्रेनिंग बॅचच्या क्रमांकाने लॉग होत ५,००० वर पोचलं आणि प्लॉट इपॉक १२ या पायरीवर टाकला, तर तो इशारा देऊन टाकून दिला जातो. 'डिफाइन_मेट्रिक'ने इव्हॅलच्या मेट्रिकना इपॉकचा अक्ष द्या आणि इपॉक हाही एक आकडा म्हणून लॉग करा. मॅटप्लॉटलिबची फिगर तशीच दिली तर ते तिचं प्लॉटलीत रूपांतर करायला जातं आणि हीटमॅपची रंगपट्टी वगैरे बिघडू शकते. चित्रच हवं असेल तर 'इमेज'मध्ये गुंडाळून द्या. प्लॉट गिटसोबत ठेवायचे असतील तर डीव्हीसी-लाइव्ह चांगलं आहे. ते वक्राचे आकडेच जेसनमध्ये लिहितं आणि दोन कमिटचे वक्र एकाच आलेखावर आणतं. तुमचा मूळ तक्रारीचा मुद्दा हाच होता, पण प्रेडिक्शन टेबल असेल तर ही सोय एमएलफ्लोवरही एका छोट्या स्क्रिप्टने होते : हव्या त्या रनच्या पार्के फाईली उतरवायच्या, एका अक्षावर सगळे वक्र काढायचे आणि ते चित्र 'तुलना' नावाच्या वेगळ्या रनमध्ये टाकायचं.

वीज किंवा इंटरनेट जाणार हे धरूनच मांडणी करा. वेट्स अँड बायसेस ऑफलाइन मोडमध्ये चालवून नंतर 'सिंक' करता येतं. एमएलफ्लोसाठी लॅबमधल्याच एका मशिनवर एसक्यूलाइट आणि स्थानिक आर्टिफॅक्ट फोल्डर घेऊन सर्व्हर चालवला की बाहेरच्या जोडणीची गरज उरत नाही. प्लॉट आणि टेबल आधी स्थानिक डिस्कवर लिहा, मग चढवा. चढवण्याचा कोड अपवाद पकडणाऱ्या भागात ठेवा, म्हणजे सर्व्हर दोन मिनिटं गेला म्हणून सहा तासांचं ट्रेनिंग पडणार नाही. प्रोसेस अचानक मेली तर एमएलफ्लोत तो रन 'चालू' असाच दिसत राहतो. रन आयडी चेकपॉइंटसोबत साठवलेला असेल तर तोच रन पुन्हा उघडून पुढचे इपॉक त्यातच नोंदवता येतात. पुन्हा चालू करायचा नसेल तर क्लायंटने त्याची स्थिती 'अयशस्वी' करून टाका, नाहीतर तुलनेच्या यादीत अर्धवट रन मिसळतात. बॅकअप घेताना एसक्यूलाइटची फाईल आणि आर्टिफॅक्ट फोल्डर दोन्ही एकाच वेळी घ्या. नुसत्या डेटाबेसमध्ये मेट्रिक असतात, प्लॉट आणि प्रेडिक्शन टेबल फोल्डरमध्येच असतात.